अठ्ठावन्न टक्के

तुळशिदासचा सातचा ताल कुठल्या गुरूचा नव्हे.
सारमानसच्या जेटीवर एक पट्टा होता, एक रोलर मोडका.
खनिज वाहताना तो लंगडायचा:
तीन, दोन, दोन,
आणि लगेच पुन्हा तीन, श्वासाला जागाच नाही.
मागच्या घरात सहा वर्षांचा तुळशिदास
त्यावरच झोपायचा.
पट्टा बंद पडला त्या रात्री
तो पहाटेपर्यंत जागा.

तिथून आमचा अल्बम सुरू होतो.
आठ गाणी, बावन्न मिनिटं, गोष्ट एकच:
एक बार्ज आमोण्याहून निघते
आणि मुरगावला पोचत नाही.
मग जाते कुठे, ते हेमांगीलाही ठाऊक नव्हतं,
शब्द तिचे असून.
म्हणायची, गाता गाता कळेल.

व्हाळशीला टिपरांचे टायर रिमोल्ड व्हायचे
त्या शेडमध्ये आमचा सराव.
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले,
तरी खळग्याखळग्यांतून रबराचा वास येतो.
सिप्रियान आठ तारांची गिटार इतकी खाली उतरवतो
की पत्र्यावरची पाल जागा बदलते.
मी बेस. दिवसा वीज खात्यात,
लोकांच्या ओसरीवर वाकून मीटर वाचतो.
ताल बिघडला की सगळे माझ्याकडेच बघतात,
जणू माझ्या पाठीवर आकडे फिरतायत.

दुसरं गाणं शाळेच्या शर्टांचं,
जे नवे असतानाच तेवढे पांढरे होते.
पाचवं अकरा मिनिटांचं, त्यात घुमट आहे,
चवथीच्या आरतीतलंच, पण चामडं सैल सोडून,
विहिरीत पडल्यासारखं.
मामाने ऐकलं असतं तर हाणलं असतं.
अल्बमचं नाव अठ्ठावन्न टक्के.
लोह त्याहून कमी भरलं की भाव पडायचा,
आणि उरलेली माती
आमच्या शेतांत, न्हाणीघरात, आजोबांच्या खोकल्यात
फुकट मिळायची.

बापूंनी तेवीस वर्षं ‘सातेरी प्रसाद’ हाकली.
तांडेल. आता ती काठाला कलंडलेली,
तिच्या पोटात कुर्ल्या राहतात.
मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले
तेव्हा ते दवाखान्यात बसल्यासारखे ताठ झाले.
पहिलं गाणं, दुसरं. चेहरा जागच्या जागी.
सहाव्यात सगळं एकदम कोसळतं,
तुळशिदासचे दोन्ही पाय, सिप्रियानची खालची तार,
आणि हेमांगी नरड्याच्या तळातून.
दीड हजार टन लादलेलं इंजिन वाजवलंय,
अशी आमची पाच वर्षं समजूत.
बापूंनी एक कान मोकळा केला.

“भरिल्ली बार्ज अशी वाजना रे.
तिचें पोट उदकांत आसता, ती ल्हवू उलयता.
ही रिती.”

रिती. म्हणजे डबा.
पाणी बाहेरून थापट्या मारतं
आणि आत आवाज अडवायला
मूठभर मातीही नसते.

हेमांगीला फोनवर सांगितलं.
ती आधी गप्प, मग इतकी हसली
की शेजारची म्हातारी जागी झाली म्हणे.
“अरे, म्हणूनच!
ती कधीच पोचलीय मुरगावला.
माल उतरवून परत निघालीय.
आपण तिला उलट्या दिशेने बघत होतो.”
एक शब्द बदलावा लागला नाही.
फक्त शेवटच्या गाण्यात, जिथे समुद्र होता,
तिथे आता जेटी आहे
आणि दोर फेकला तर झेलायला कोणी नाही.

चौथ्याचं राहिलं.
चौथं म्हणजे नुसती शेड. माईक चालू, वाजवत कोणीच नाही.
शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याचा फ्रीज,
दूरवर एक कुत्रा,
तुळशिदास स्टुलावर कूस बदलतो त्याची कुरकुर.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
सिप्रियान म्हणाला होता, लोक पुढे ढकलतील.

सगळं संपल्यावर बापू म्हणाले,
ते मधलं, काहीच नसलेलं, परत लाव.
लावलं.
खिडकीबाहेर बघत ते ऐकत राहिले
आणि अंगठा टेबलावर, त्यांच्या नकळत,
तीन, दोन, दोन,
तीन